पुलावरचा नमस्कार

नदी दिसली की हात जोडायचे, ही आईची सवय माझ्यात उतरली आहे. परवा बायकोला शेजारी बसवून जाताना महामार्गावरच्या पुलावर मी तसेच हात जोडले. गाडी मीच चालवतो आहे, एवढंच विसरलो. चाक खड्ड्यात आदळलं आणि इंजिन बंद पडलं. मागून एक मोटरसायकलवाला ओरडला, "काका, देऊळ पुढच्या गावात आहे, गाडी घ्या!"

तेवढ्यात शेजारून भरलेला ट्रक गेला आणि अख्खा पूल आमच्यासकट थरथरला. तुटलेल्या कठड्याच्या जागी बांबू बांधला होता. सांध्यातून पिंपळाचं रोप वर आलं होतं, चांगलं हातभर. खाली नदी शांत होती. आई हात जोडायची ती नदीचे उपकार मानून. माझे हात पुन्हा जोडले गेले ते पूल टिकावा म्हणून. आमची लेक रोज याच पुलावरून स्कूटरने कॉलेजला जाते.

मी गाडी सुरू केली. पलीकडे पोचलो. मग बायको म्हणाली, "तुम्ही स्टिअरिंग धरा हो. हात जोडायला मी आहे. रोज सकाळी पावणेआठला, ती पुलावर असते तेव्हा, गॅस बारीक करून जोडतेच की."