हकलणारा कॉम्प्युटर

आमच्या बालाघाटात मराठी माणूसही निम्मं हिंदीतच बोलतो. त्यामुळे अडखळत, तोतरं बोलण्याला आम्ही सरळ ‘हकलणं’ म्हणतो. लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देणाऱ्या आम्हा दुकानदारांत मात्र हा शब्द कॉम्प्युटरसाठी होता. पडद्यावरचं चित्र अडकलं, आवाज ‘म-म-म’ करत एकाच जागी कुटत बसला, की म्हणायचं, हकलून राह्यला. हा शब्द तोंडात इतका बसला होता की तो माणसांसाठीही आहे हे मी पार विसरून गेलो होतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तोवर एका कॅमेऱ्यावर लग्न भागायचं. मग नागपूरचे जावई येऊ लागले आणि त्यांना तीन कॅमेरे हवे झाले, एक स्टेजसमोर, एक बाजूनं, एक पाहुण्यांत. मी छातीठोकपणे हो म्हणायचो. माझ्या कॉम्प्युटरला मात्र ते झेपत नव्हतं. तिन्ही टेपा आत उतरवून तिन्ही चित्रं शेजारी शेजारी चालवली की दोन सेकंदांत त्याचा दम उखडायचा. नवरीचा हार अर्ध्यात थांबलेला, बँडवाला गाल फुगवून बसलेला. या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर कधी जायचं ते चालत्या चित्रावरच ठरवायचं असतं. चित्रच चालेना तर कापणार काय कपाळ?

वारासिवनीकडच्या एका लग्नाच्या वेळी मी हात टेकले. बौद्ध पद्धतीचं आटोपशीर लग्न होतं. वंदना, हार, आणि शेवटी नवरीच्या वडिलांनी माइकवर मानलेले आभार. त्या दिवशी मी दुसऱ्या लग्नात अडकलो होतो, म्हणून कॅमेरेवाले पाठवून दिले होते. टेपा आल्या आणि कॉम्प्युटर जागचा हलेना. मेमरी वाढवली, चित्रांसाठी वेगळी हार्ड डिस्क बसवली, डबा उघडून धूळ झाडली. फरक पडला, पण थोडाच. शेवटी गोंदियाच्या एका जाणकाराला फोन लावला.

तो म्हणाला, “अबे, मूळ चित्रावर काहून कापतं? तिन्ही टेपांची हलकी कॉपी बनव, बारकी, धूसर. तिच्यावर काप. सारं झालं का मंग मूळ चित्र जोडून दे.”

इतकं सोपं होतं. दिवसभर कॉप्या बनवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही चित्रं लोण्यासारखी चालू लागली. मला आभाळ ठेंगणं झालं. कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन पडेना, आणि नेमके त्याच दुपारी नवरीचे वडील दुकानात आले.

ते राइस मिलमध्ये मशीनवर होते. धुतलेला पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला कागद. बोलले काहीच नाहीत, कागद माझ्यापुढे ठेवला. कोणाकोणाचं चित्र आवर्जून घ्यायचं ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मी “बसा काकाजी, चहा सांगू काय?” म्हटलं, त्यावर नुसतं “हौ.” माणूस कमी बोलणारा दिसतो, एवढंच मी समजलो. बोलायला मी होतोच. कॉम्प्युटर कसा अडत होता, मी त्याला कसं वठणीवर आणलं, सगळं ऐकवलं आणि म्हटलं, “आता पाहा कसा पळते ते.”

खरंच पळाला. वंदना झाली, हार झाले, पाहुण्यांचे फोटो झाले. मग ते स्वतः पडद्यावर आले, हातात माइक. “म... म... म... मं...” आणि चित्र थांबलं.

माझं डोकंच सणकलं. एवढं करूनही? मी डब्यावर थाप मारली आणि त्यांच्याकडे वळून हसत म्हणालो, “पाहा काकाजी, गेला अखीन! किती सुधरवा, हकला तो हकलाच!” वर तोंड वाकडं करून ‘म-म-म’ करून दाखवलं. चांगलं दोनदा.

ते हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. बाजूच्या कॅमेऱ्यात एक बाई पदरानं वारा घेत होती. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यातून एक पोरगी धावत गेली. तिन्ही चित्रं झकास चालू होती. थांबले होते फक्त ते, ओठ मिटलेले, मानेची शीर ताणलेली.

मग पडद्यावरचे ते पुढे बोलले, “मं... मंडळी.”

मला कुठं तोंड लपवू असं झालं. माफी मागायची होती, पण मागितली तर मी काय केलं ते उघड बोलावं लागलं असतं. मी उगाच माउस इकडेतिकडे हलवत बसलो. शेवटी बोलले ते काकाजीच.

“का... का... कापून टाका ते.”

आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते. ‘नाही काकाजी, हे ठेवू’ एवढं म्हणायला काय लागत होतं? मी मान हलवली आणि ते गेल्यावर कामाला लागलो. ते माइक घेतात तिथून पाहुण्यांच्या टाळ्यांवर असा सफाईनं गेलो की मधून काही काढलंय हे कोणाला कळूही नये. त्या सफाईचं मला कौतुकही वाटलं. सीडी दिली, डिस्क मोकळी केली. सीझनमध्ये आम्ही टेपा पुन्हा वापरायचो, त्याप्रमाणे आठवड्यात त्याच टेपांवर परसवाड्याचं एक लग्न उतरलं.

महिन्याभरानं ती नवरी दुकानात आली. माहेरी आली होती.

“भाऊ, बाबा माइकवर बोललते नं, ते सीडीत नाही. बाबा म्हणे, तेवढ्या वेळेले तुमचा कॉम्प्युटर बिघडलता. आता सुधरला असंल तं तेवढं काढून द्या.”

म्हणजे त्यांनी माझ्या वागण्यावर पोरीसमोर पांघरूण घातलं होतं. मी त्या पांघरुणातून बाहेर आलो नाही. म्हटलं, “हौ बाई, कॉम्प्युटरच बिघडलता. अन् टेप पुसल्या गेली.”

ती बाकावर बसली. “लग्नाआधी महिनाभर बाबा मिलमधून आले का मोरीचं दार लावत, नळ सोडत अन् आतमध्ये बोलून पाहत. चार लोकांत बाबा आजवर कधी बोललेच नाही. अन् त्या दिवशी मी इतकी रडत होती, मले शेवटचं ऐकूच नाही आलं. माह्यासाठी काहीतरी म्हणे ते. आता विचारलं तं नुसते हसतात.” मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही तं पाह्यलं असंल नं? काय म्हणे शेवटी?”

कापायची जागा नेमकी साधावी म्हणून ते बोलणं मी पाच-सहा वेळा मागे-पुढे करून चालवलं होतं. तिच्यासमोर बसून मी खूप आठवून पाहिलं. त्यांचा श्वास कुठं अडतो, टाळ्या कुठं सुरू होतात, सगळं आठवत होतं. ते काय म्हणाले ते मी ऐकलंच नव्हतं.