जसं नेलं, तसं सोडा

त्या तपासासाठी माझा सत्कार झाला होता. निवृत्तीनंतर मला सगळ्यात जास्त झोंबतो तो तोच.

शांती नगरमधली सात वर्षांची मुलगी शाळेतून घरी पोचली नव्हती. अपहरणाचा गुन्हा नोंदवला. सोसायटीचा वॉचमन छातीठोकपणे म्हणाला, "स्कूल व्हॅन आया ही नहीं, साब." व्हॅनचालक चेणे गावचा, पन्नाशीचा. त्याला चौकशीसाठी आणलं. अटक दाखवली नव्हती.

कितीदा विचारलं, उत्तर एकच. "गेटावर उतरवली, साहेब. वॉचमन जागेवर नव्हता. गाडीत अजून पोरं होती, मी निघालो. पुढचं मला ठाव न्हाय."

मला ते पाठ केलेलं वाटलं. खरं तर खोटं बोलणारा दर वेळी थोडं बदलून सांगतो, हे मीच नव्या शिपायांना शिकवायचो.

वर मीच एका बातमीदाराला फोन केला. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. टीव्हीवर दिसलो की गावी आई शेजारणींना बोलवायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? जागा दाखवायला चालकाला गेटवर नेलं, तेव्हा कॅमेरे हजर होते. मी 'संशयित' म्हणालो होतो. पडद्यावर 'नराधम' झाला. तोंडावर आम्ही काळं फडकं टाकलं होतं, पण व्हॅनचा नंबर सगळ्यांनी वाचला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज मिळालं. मुलगी गेटवर उतरते, व्हॅन जाते, मग आईपासून वेगळा राहणारा बाप तिला रिक्षात बसवतो. मुलगी सुरतेहून सुखरूप आणली. वॉचमन पाण्याची मोटर लावायला गेला होता. नोकरी जाईल म्हणून खोटं बोलला.

चालकाला म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरी जा."

तो उठेना. "जसं नेलं, तसं सोडा. गेटावर. कॅमेरेवाल्यांना पण बोलवा."

"आता कशाला?"

"उद्या माझ्या गाडीत पोरं कोण बसवील? तुम्ही?"

फोन लावले. एकजण हसला. "साहेब, सोडलेल्याची कसली बातमी? दुसरं काही असेल तर सांगा ना."

शेवटी मीच त्याला घेऊन गेटवर गेलो. शाळा सुटायची वेळ, आया उभ्या होत्या. सगळं समजावून सांगितलं. एकीने शांतपणे विचारलं, "साहेब, तुमची नात पाठवाल यांच्या गाडीतून?"

"हो," म्हणालो. पण त्याआधी थांबलो होतो. ते त्या बायांनी पाहिलं आणि त्यानेही. महिन्याभरात त्याने व्हॅन विकली.

गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे खात्याच्या परीक्षेत लिहून मी पास झालो होतो. इथे तर त्याने काही केलंच नाही हे मी स्वतः पुराव्यानिशी शोधून काढलं होतं, तरी जीभ अडखळली. चॅनेलवाल्यांना शिव्या घालणारे खूप भेटतात. मी त्यांच्यात बसत नाही.