चपाती गार होईपर्यंत

आमच्या घरात प्रार्थनेचं आणि चपातीचं कधी जमलं नाही. मी तव्यावरची गरम चपाती ताटात टाकायचे आणि नेमके तेव्हाच हे डोळे मिटून प्रार्थनेला लागायचे. चपातीची वाफ जायची, तूप थिजायचं, भाजी निवायची, तरी यांचं आपलं चालूच. मी टेबलाखालून पाय लावून म्हणायचे, "आटपा आता. देवाला घाई नसेल, मला आहे."

यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. जेवणाआधी घरच्या कर्त्यानं प्रार्थना करायची आणि आमेन होईस्तोवर कुणी ताटाला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. हे रेल्वेत इंजिनिअर झाले, लखनौला मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आलो, लेक इथल्या शाळेत हिंदी बोलत मोठी झाली, तरी ती शिस्त काही सुटली नाही. प्रार्थनाही तीच, त्याच चालीत, त्याच क्रमानं. हे स्वर्गीय पित्या, या घासाबद्दल तुझे उपकार. ज्यानं पिकवलं त्याला सांभाळ, जिनं रांधलं तिला सांभाळ. रुळांवर राबणाऱ्यांना सुखरूप घरी आण. मग चर्चच्या मंडळीतले आजारी, मग नगरकडचे नातेवाईक, एकेकाची चौकशी केल्यासारखी. आणि सगळ्यात शेवटी, एक डोळा किलकिला उघडून माझ्याकडे बघत, "आणि प्रभू, हिच्या रागाला आवर घाल. आमेन."

लग्न झाल्यापासून ही तक्रार वर जात होती. मी म्हणायचे, "एवढ्या वर्षांत त्यानं ऐकलं नाही म्हणजे त्याला माझा राग पसंत असेल."

गेल्या हिवाळ्यात, बाहेर धुकं इतकं की समोरचा क्वार्टर दिसत नव्हता, अशा एका सकाळी हे दाढी करता करता स्वयंपाकघरात आले. गालाला फेस तसाच. काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून "हे, हे" एवढंच येत होतं. मला आधी थट्टाच वाटली. मग ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला आणि माझ्या हातातलं लाटणं गळून पडलं.

जीव वाचला. हात हळूहळू हलायला लागला, पायात बळ आलं, काठी घेऊन कॉलनीत फेरी मारायला लागले. बोलणं मात्र गेलं ते गेलं. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. येतील का, तर सांगता येत नाही. पाणी हवं तरी "हे हे", लेकीला हाक मारायची तरी "हे हे". कागदावर लिहायला दिलं तर तिथेही शब्द सापडेना. दिवसभर मीटिंगमध्ये बोलणारा माणूस खिडकीपाशी बसून पेरूच्या झाडाकडे बघत राहायचा, आणि मी आत भांडी आपटायचे.

मी देवाशी बोलणं टाकलं. सरळ सांगते, टाकलं. शेवटचं बोलले ते भांडणच होतं. म्हटलं, जो माणूस तुझे उपकार मानल्याशिवाय घास घेत नव्हता, त्याचीच जीभ तुला सापडली? गप्पच बसवायचं होतं तर मला बसवायचंस, कॉलनीनं तुझे आभार मानले असते.

नगरहून बहीण फोन करायची. सलाम म्हणून सुरुवात करायची, आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांची ती रीत, आणि मग सुरू. "ताई, परीक्षा आहे गं ही. भरवसा सोडू नकोस. प्रभू बघतोय."

"नुसता बघत असेल तर खाली ये म्हणावं, भाजी निवडू लाग."

ती बिचारी सलाम म्हणून फोन ठेवायची. चांगल्या मनाची आहे, पण भरवसा म्हणजे काय भाजीतलं मीठ आहे का, कमी पडलं की वरून टाकायला?

तर आमच्या टेबलावर आता प्रार्थना होत नव्हती. मी ताटं वाढायचे, लेक मान खाली घालायची, हे ताटाकडे बघत बसायचे आणि मग आम्ही जेवायला लागायचो. चपात्या अगदी गरम असायच्या. एवढ्या वर्षांनी गरम चपाती मिळत होती आणि ती घशाखाली उतरत नव्हती.

वाचा परत आणायला मदत करणारी एक तरुण मुलगी जुन्या लखनौतल्या चौक भागातून यायची. फार गोड हिंदी बोलायची. यांच्यापुढे चित्रं मांडायची, ताल धरायची, गाणी म्हणवून घ्यायची. एके दिवशी तिनं मला विचारलं, "आंटी, अंकल रोज़ क्या बोलते थे? कोई दुआ, कोई कविता? जो बरसों से ज़बान पर हो."

मी म्हटलं, "दुआ. और इतनी लंबी कि रोटी ठंडी हो जाए."

ती हसली नाही. वही सावरून बसली आणि मला समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ते कधीकधी खोल कुठंतरी शाबूत राहतं. तीच चाल, तीच जागा, तीच वेळ. मी म्हणायचं आणि ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. यांना शोधू द्यायचं. "बस, जल्दी मत कीजिएगा."

मी, आणि जल्दी नाही. आणि त्यातून प्रार्थना, ज्याच्याशी अबोला त्याच्याशीच. त्या संध्याकाळी मी वर बघून बजावलं की हे तुझ्यासाठी नाही, यांच्या औषधासाठी आहे, उगाच मनावर घेऊ नकोस. आणि सुरुवात केली. हे स्वर्गीय पित्या, या घासाबद्दल तुझे... आणि थांबले. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. शेवटी मीच "उपकार" म्हणाले आणि पुढे गेले. शेवटचं वाक्य अर्थातच वगळलं. माझ्याच विरुद्ध अर्ज मी कशाला करू?

असं सकाळ-संध्याकाळ चाललं. काही आठवड्यांनी मी आमेन म्हणताना यांच्याही ओठांतून "आमेन" निघालं. लेक ताटावरून उठली, यांच्या गळ्यात पडली. मग एकदा "उपकार" आलं, मग "सांभाळ". मी खूश होऊन त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, बहुत अच्छा, पण हे अजून तुमच्या मागून येणारे शब्द आहेत. स्वतःहून एखादा शब्द शोधून आणतील तेव्हा खरं. ते होईल का, हे तिलाही माहीत नव्हतं, आणि तिनं खोटा दिलासा दिला नाही.

त्याच सुमारास एक नवीनच सुरू झालं. प्रार्थना संपत आली की हे बिथरायचे. मी आमेन म्हटलं की मान हलवायची, डाव्या हातानं टेबल बडवायचं, "हे, हे, हे." आम्हाला वाटलं थकले. मी प्रार्थना छोटी केली तर आणखीच चिडले. लेक म्हणाली, "मम्मी, नमक चाहिए होगा." मीठ दिलं, लोणचं दिलं, पाणी दिलं. सगळं बाजूला सारलं. एकदा माझाही तोल गेला. म्हटलं, "अहो, मी एवढी घसा कोरडा करतेय आणि तुम्हाला काय हवंय ते तरी कळू द्या." बोलून गेले आणि मलाच रडू आलं, कारण कळवता येत नव्हतं हेच तर दुखणं होतं.

उन्हाळा लागला होता. त्या दिवशी मोसमातला मटारचा शेवटचा निमोना केला होता, इथं शिकलेला, वाटलेल्या मटाराचा रस्सा, यांना फार आवडतो. मी प्रार्थना म्हटली, रुळांवरच्या माणसांपर्यंत आले, आजाऱ्यांपर्यंत, नगरकडच्या नातेवाइकांपर्यंत आले, आमेन म्हणायला तोंड उघडलं, तर यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. अजून पुरतं बळ न आलेल्या उजव्या हातानं. मी थांबले. लेक काही बोलणार होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. यांच्या कपाळाला घाम आला, ओठ हलले, परत मिटले. भाजी निवली. माझ्या तोंडी "आटपा" आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कसलीच घाई नव्हती.

"हि... हिच्या," हे म्हणाले.

मग कितीतरी वेळ काही नाही.

"हिच्या... रागाला."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. "मम्मी, वो वाली लाइन. आप वो छोड़ देती हो."

"आवर," हे म्हणाले. "घाल."

आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं.

मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही, नाक मात्र पदरानं पुसत होते. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली, सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "ये तो किसी ने उनसे नहीं कहलवाया, आंटी. ये ख़ुद लाए हैं." एवढे महिने छातीवर जो धोंडा होता तो उतरला. इतकं हायसं वाटलं की तिच्यासमोरच खुर्चीत बसले आणि उठावंसं वाटेना.

ती गेल्यावर ओट्यापाशी उभी राहून मी देवाशी बोलले. औषध म्हणून नाही. म्हटलं, मला वाटलं तू ऐकत नाहीस. तू तर ती एक विनंती वर्षानुवर्षं अडवून ठेवलीस. माझा राग तेव्हाच काढून घेतला असतास, तर यांनी आज शोधायचं काय होतं? भरवसा मला एवढे दिवस वाटला नव्हता. मी नुसते दुसऱ्याचे शब्द म्हणत राहिले होते, रागानं, वाढलेल्या ताटापुढं. तेवढंही त्यानं चालवून घेतलं.

आता हे तुटक का होईना, बोलतात. शब्द अडतात, कधी चमच्याला खिडकी म्हणतात, लेक हसते, हेही हसतात. पुढं किती सुधारेल, ठाऊक नाही. जेवणाआधीची प्रार्थना मात्र मी त्यांना परत देऊन टाकली आहे. पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. परवा न राहवून मी टेबलाखालून पाय लावला आणि म्हटलं, "आटपा आता, चपाती गार झाली."

यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि "हे स्वर्गीय पित्या" पासून पुन्हा सुरुवात केली.