पन्नास केबीत बसलेला माणूस

आमच्या हळद उत्पादक गटाची वेबसाइट निघाली, तेव्हा तिच्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांना मी एका मापात बसवलं. दोघा-तिघांची दाढी करून दिली, एकाच्या खांद्यावरून शेजाऱ्याचा हात उचलला, एकाच्या मागे उभी असलेली म्हैस गायब केली. ती म्हैस गेलेली पाहून मालकाने कपाळाला हात लावला. म्हणाला, "मास्तर, तिलाच ठेवायचं होतं. मला काढलं असतं तरी चाललं असतं."

मी चित्रकलेचा मास्तर. वसमत तालुक्यातल्या एका शाळेत पोरांना सफरचंद काढायला शिकवतो, जे आमच्याकडे पिकत नाही. वडिलांची थोडी जमीन आहे म्हणून गटाचा सभासद. अध्यक्ष म्हणाले, "तुमाला रंगातलं कळतं, फोटोचं तुमीच बघा." रंगातलं कळणं वेगळं आणि कॉम्प्युटरमधलं कळणं वेगळं, हे मला ठाऊक होतं. पण मी गावच्या नाटकात मिशी फुटायच्या आधी बायकांची आणि नंतर राजांची कामं केलेला माणूस. आलेली भूमिका नाकारायची मला सवय नाही.

फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि व्हिडिओ बघत बघत शिकलो. त्यात कात्री होती, खोडरबर होतं, आणि एक शिक्का होता, जो चांगल्या जागेचा रंग उचलून वाईट जागेवर बसवायचा. त्या शिक्क्याचा मला इतका नाद लागला की चहा पिणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतानाही कुठला डाग कुठून झाकता येईल हे मनात चालायचं. वेबसाइटवाल्यांची अट अशी होती: फोटो उभा, तीनशे पिक्सेल रुंद, पन्नास केबीच्या आत. केबी म्हणजे काय ते मी बैठकीत उभं राहून समजावलं. हात पसरून म्हणालो, "ही पिशवी आहे. माणूस केवढाही मोठा असो, या पिशवीत मावला पाहिजे." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मी आणखी बिघडतो.

फोटो तयार झाला की तो साठवायच्या दोन वाटा होत्या. एक 'एक्सपोर्ट'. ती नाव विचारायची, जागा विचारायची, दर्जा विचारायची, एखाद्या कचेरीतल्या बाबूसारखी. दुसरी 'ओव्हरराइट'. ती काही विचारायची नाही. जुन्या फोटोच्या जागी नवा बसवायची आणि मोकळी व्हायची. मला अर्थातच ती दुसरी आवडली.

आता माझ्या मित्राचं सांगतो. आम्ही एका वर्गात होतो, एकाच वर्षी नापास झालो आणि एकाच नाटक मंडळात शिरलो. मी रंगमंचावर, तो डाव्या विंगेत. तो प्रॉम्प्टर. पोत्याच्या पडद्यामागे, मांडीवर वही आणि डोक्यावर बल्ब घेऊन बसायचा आणि विसरलेली वाक्यं आम्हाला पुरवायचा. अडचण एकच होती, त्याचा आवाज. त्याची कुजबुज चौथ्या रांगेपर्यंत जायची. माझ्या विनोदावर लोक मी तो बोलायच्या आधीच हसलेले असायचे. मी आत जाऊन भांडायचो तर तो शांतपणे म्हणायचा, "तुला पाठ व्हत न्हाई ते बघ. मला काहून बोलून राहिला?"

त्यामुळे नाटकाच्या एकाही फोटोत तो नाही. आम्ही सगळे जरीच्या कपड्यांत ओळीने उभे आणि तो फोटोवाल्याच्या मागे, आमचे मुकुट सरळ करायला सांगत. लग्नाचे फोटो एका वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा एकमेकांना चिकटून गेले. आधार कार्डावर त्याचं तोंड होतं, पण ते पाहून तोच म्हणायचा, "ह्याला पोलीस शोधून राहिले असतील."

गटासाठी फोटो हवा म्हणून मी त्याच्या शेतात गेलो. एप्रिल होता. हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि ढोलात घालून घासायचं चाललं होतं. ढोल फिरायला लागला की पिवळी धूळ उठते आणि माणसाच्या पापण्यांवरसुद्धा बसते. तो नखशिखांत पिवळा झाला होता. मी मोबाइल काढला की तो तोंड फिरवायचा. शेवटी त्याची बायको स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आली आणि त्याला म्हणाली, "ह्या वयात तुमाला पुन्हा हळद लागली की काय?" त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. पुढचा तुटका दात दिसला. ती ग्लास पुढे धरून, पदर तोंडाला लावून हसत होती. मी बटण दाबलं.

तो फोटो मी त्याच्यासमोरच तयार केला. माझ्या घरी, बैठकीच्या खोलीत, लॅपटॉपवर. आधी रंग आपोआप सुधारायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरला वाटलं एवढा पिवळा रंग म्हणजे बिघाडच, त्याने सगळी हळद उतरवून टाकली आणि माझा मित्र राखेसारखा दिसायला लागला.

"मला काहून धुतलं?" तो म्हणाला. "वर्षाची मेहनत हाय ती."

मी 'अनडू' दाबून एक पाऊल मागे गेलो, हळद परत आली. मग चौकट ओढून फक्त त्याचं तोंड आणि खांदे ठेवले, बाकीचं कापलं.

"अन् ही?" त्याने बायकोच्या जागेवर बोट ठेवलं.

"एका चौकटीत एकच माणूस चालतो."

"बघ बाबा. तिला कळलं तर चहा बंद होईल तुझा."

उजव्या कडेला ग्लासाची कड, तिची दोन बोटं आणि एका बांगडीची रेघ उरली होती. ती शिक्क्याने पुसायची होती. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला आणि ते राहून गेलं. मी फोटो तीनशे पिक्सेलचा केला आणि ओव्हरराइट दाबलं. तो पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाला, "एवढाच उरलो का मी?" आम्ही दोघंही हसलो. मी फाइल बंद केली.

वेबसाइटवर सगळे सभासद समोर बघतात, हा एकटा उजवीकडे बघून हसतो. अध्यक्षांनी बैठकीत विचारलंच, "हे तिकडं कुणाकडं पाहून राहिले?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकाकडं." पुन्हा टाळ्या पडल्या.

दिवाळीनंतर तो गेला. सकाळी शेतात छातीत कळ आली, गाडीत घालून नांदेडला नेईपर्यंत संपलं होतं. मी गाडीत त्याच्याजवळ होतो. त्याविषयी मला एवढंच सांगता येतं की तो काहीतरी पुटपुटत होता आणि मला ऐकू आलं नाही. ज्याची कुजबुज चौथ्या रांगेला कळायची, त्याचं बोलणं मला मांडीवर त्याचं डोकं असताना ऐकू आलं नाही.

पुढच्या दसऱ्याला वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, वर्षश्राद्धाला एक मोठा फोटो करून द्या. तुमी काढलेला, हळदीतला. मी बी हाय त्याच्यात. आमचा दोघांचा तेवढाच हाय."

मी "हो, हो, हे काय, लगेच" म्हणालो, आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. फाइल होती. तीनशे पिक्सेल. मोबाइलमध्ये शोधलं. मोबाइल भरला होता म्हणून मी फोटो केबलने लॅपटॉपवर हलवले होते, प्रत न ठेवता. मोबाइलमध्ये रोज सकाळी लोकांनी पाठवलेली सुप्रभातची गुलाबाची फुलं मात्र सगळी शाबूत होती.

मग मी तो मोठा करायचा प्रयत्न केला. भिजलेल्या कागदावर काढल्यासारखं तोंड झालं. हल्ली छोटा फोटो टाकला की आपोआप मोठा आणि स्पष्ट करून देणाऱ्या जागा निघाल्यात. तिथे टाकला. उत्तम फोटो आला. कातडी तुकतुकीत, केस एकेक वेगळा, आणि दात सगळे जागेवर. तो तुटका दात मशीनने बसवून दिला होता. फोटोतला माणूस माझ्या मित्राचा एखादा सुखवस्तू चुलतभाऊ असावा असा होता. मी तो लगेच बंद केला.

त्या पंधरवड्यात वहिनींनी तीनदा विचारलं. एकदा मी म्हणालो, फोटो छापायला दिलाय. एकदा म्हणालो, जवळा बाजार गावच्या फ्रेमवाल्याकडे काच संपलीय. तिसऱ्यांदा सरळ पोटदुखीचं सोंग केलं आणि ते इतकं चांगलं वठलं की त्यांनी ओवा आणून दिला. तो ओवा चावताना मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन गेलो. वहिनी अंगणात हळकुंडं निवडत बसल्या होत्या.

"वहिनी, तो फोटो राहिला न्हाई."

"राहिला न्हाई म्हंजे? मोबाइलवर गटाच्या वेबसाइटीत तर दिसून राहिला."

"तेवढाच आहे. मोठा होता, तो मीच छोटा केला. मोठा आता कुठंच नाही. आणि त्यातून तुम्हाला कापलं."

त्यांच्या हातातलं हळकुंड तसंच राहिलं. "मला काहून कापलं?"

"एकाच माणसाची जागा होती."

त्यांनी ते हळकुंड निवडलेल्यांत टाकलं. मग म्हणाल्या, "बराबर हाय. गटात त्यांचंच नाव व्हतं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाली मान घालून, अगदी मनापासून ऐकल्या असत्या. मी त्याचीच तयारी करून आलो होतो.

"तरी बी दाखवा मोठा करून," त्या म्हणाल्या. "कसा व्हतो ते पाहू."

मी फोटो उघडला आणि वाढवत नेला. दोनशे टक्के, चारशे, आठशे. तोंड विरघळलं. डोळा म्हणजे काळे-तपकिरी चौकोन, तुटका दात म्हणजे पांढऱ्यांमधला एक गडद चौकोन. मी बंद करायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि उजव्या कडेला बोट नेलं.

"हे हिरवं काय?"

करड्या चौकोनांच्या ओळीखाली उभे पाच हिरवे चौकोन होते.

"ते पुसायचं राहून गेलं," मी म्हणालो. "हा ग्लास. ही तुमची बोटं. आणि ते..."

"बांगडी," त्या म्हणाल्या. त्यांनी पाचही चौकोनांवर एकेकदा बोट ठेवलं. त्यांचं मनगट मोकळं होतं, त्याला पिवळी धूळ लागली होती. मग त्या जरा हसल्या. "म्हंजे पुरी न्हाई कापली तुमी मला."

मी म्हणालो, मी त्याचं चित्र काढतो, आठवणीतून, मोठं, तुम्हा दोघांचं. चित्रकलेचा मास्तर आहे, एवढं तर येतं.

"न्हाई, भाऊजी. तुमच्या हातून ते नाटकातले दिसतील. हाच छापा. हाय एवढाच. अन् ते हिरवं राहू द्या."

छापला. तळहाताएवढा झाला. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवला, तर हाराने झाकून जायला लागला, म्हणून हार खाली ठेवला. प्रत्येक माणसाला फुलं वाहताना वाकून, डोळे बारीक करून तो पाहावा लागला. ज्याने आयुष्यात कॅमेऱ्यासमोर यायचं टाळलं त्याला पाहायला गावातली माणसं कमरेत वाकत होती, आणि वाकल्यावर प्रत्येक जण नकळत थोडा हसत होता, कारण फोटोतला तो हसत होता. मीही वाकलो. मला मात्र त्याच्या तोंडाआधी ती हिरवी रेघच दिसली. अजूनही तीच आधी दिसते.

यंदा हळदीच्या हंगामात गटाचा निरोप आला. सभासदत्व आता वहिनींच्या नावे झालंय, तेव्हा वेबसाइटवरून त्याचा फोटो काढून त्यांचा लावा. माप तेच, पिशवी तीच.

मी मोबाइल घेऊन गेलो. ढोल फिरत होता, वहिनी पिवळ्या झाल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या त्या चौकटीच्या उजव्या कडेला, डावीकडे माणूसभर जागा सोडून.

"वहिनी, जरा मधे या."

"असू द्या."

"कापावं लागेल मग."

"कापा. पर आधी दुसरा करून ठेवा."

मी त्यांच्यासमोरच आधी प्रत केली. एक लॅपटॉपमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये, एक त्यांच्या मोबाइलवर. प्रत्येक प्रत उघडून दाखवली. मग त्यातली एक कापली, छोटी केली, आणि 'एक्सपोर्ट' दाबलं. त्याने नाव विचारलं, जागा विचारली, दर्जा विचारला. मी सगळी उत्तरं दिली. मग वेबसाइटवरून त्याचा फोटो उतरवला आणि तिथे वहिनींचा लावला.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी भिंतीवर वेबसाइट दाखवली. सगळे सभासद समोर बघत होते. वहिनी एकट्या डावीकडे.

"मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "ह्या तिकडं कुणाकडं पाहून राहिल्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, टाळ्या वाजवायला हात तयार ठेवून. नाटकात वाक्य अडलं की पाहायचो तसं मी सवयीने डावीकडे पाहिलं आणि खाली बसलो.