बानाबाईची मेंढरं

बानाबाईने आयुष्यात कधी मेंढरं मोजली नाहीत आणि राखत असलेलं एकही मेंढरू परक्याचं आहे, असं कधी तोंडाने म्हटलं नाही. धनगरवाड्यात म्हणतच नाहीत. जनावर ऐकतं आणि आपण त्याच्या मनातून उतरतो, असं तिची सासू सांगायची.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गंगापूर रस्त्यावरच्या त्या वाड्यात मल्हारराव आणि कडुबा या दोन दिरांची मेंढरं ती राखायची. वाळूजकडे कारखाने उठले तशी चराई आटली आणि गुडघेही थकले. मिळणाऱ्या निराधार पेन्शनवर तिचा चहा, औषध आणि थोडा मान टिकून होता.

मग एकदा तलाठी चौकशीला आले. अंगणात कळप बसलेला. त्यांनी विचारलं, "मेंढरं कुणाची?"

"माझीच लेकरं हायेत," बानाबाई कौतुकाने म्हणाली.

पुढच्या महिन्यात पेन्शन बंद. कागदावर कारण होतं : अर्जदार मेंढ्यांच्या कळपाची मालक.

"वहिनी, तुझी जीभ सोन्याची हाय," कडुबा म्हणाला. "एका शब्दात जहागीरदारीण झालीस!"

मल्हाररावाने मात्र तिला शहरातल्या कोर्टात नेलं. गरिबांना फुकट वकील देतात, असं त्याने गुलमंडीच्या बाजारात ऐकलं होतं. तिथे भेटल्या वकील सत्यभामाबाई. तिशीच्या, भरभर चालणाऱ्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या सत्याग्रहात दोनदा तुरुंगात जाऊन आलेल्या. त्यांनी कागद वाचला आणि अपील लिहायला घेतलं.

"सोपं आहे, मावशी. प्रांतसाहेबांपुढं एवढंच सांगा, मेंढरं माझी नाहीत."

"तेवढं नाय व्हायचं, बाई."

"अहो, खरं तेच सांगायचंय!"

"खरं हाय. पर मी नाय म्हणणार."

मल्हाररावाने कपाळावर हात मारला. सत्यभामाबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एका नावासाठी आम्ही तुरुंगात गेलो, मावशी. तुमच्या शब्दाला मी कशी हसू? दुसरी वाट काढू."

त्या रविवारी बाई एसटीने वाड्यावर आल्या, वाघुरात, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, वाकून वाकून मेंढरं बघितली, लोकरीने साडी भरवून घेतली आणि खुशीत परत गेल्या.

सुनावणीच्या दिवशी क्रांती चौकात नामांतराचा मोर्चा होता. गाडी अलीकडेच थांबली. बानाबाई गुडघा धरत चालत आली, तेव्हा पुकारा व्हायला आला होता.

"मावशी," बाईंनी प्रांतसाहेबांसमोर विचारलं, "कळपातल्या मेंढरांच्या कानाला काय असतं?"

"खूण. कोकरू झालं की कातरायची."

"कुणाची कशी?"

"मल्हाररावाची टोकाला फाळ, दोन बोटं दिसत्याल अशी. कडुबाचं मधी भोक."

"अंगणात बसलेल्या मेंढरांना कोणत्या खुणा आहेत?"

"ह्याच दोन."

"आणि तुमची स्वतःची खूण?"

बानाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मालकाची होती. खालच्या कडेला दोन चिरा. ते गेले, मेंढरं त्येंच्या दवाखान्यापायी इकली गेली. त्या खुणेचं आता एकबी नाय."

प्रांतसाहेबांनी दोन्ही दिरांचे जबाब घेतले. मग वर न बघता म्हणाले, "पेन्शन चालू करा. मागची थकलेलीही द्या."

बाहेर आल्यावर कडुबाने रसवंतीवर सगळ्यांना रस पाजला. बानाबाईने आपला अर्धा पेला सत्यभामाबाईंपुढे सरकवला.

"बाई, मंग आता मी माझीच म्हणलं तरी चालतंय ना?"

"खुशाल म्हणा. फक्त तलाठ्यापुढं जरा जपून."

"त्येनं इचारलं, तर म्हणन," बानाबाई म्हणाली, "लेकरं माझीच हायेत, सायेब. तुम्ही त्येंचे कान बघा."