बरणीतला दगडमासा

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या आमच्या कॉलेजात सगळा समुद्र एका काचेच्या बरणीत होता. बरणीत दगडमासा. विभागप्रमुख सरांनी तो सहलीत रामेश्वरच्या कोळ्यांकडून आणलेला, आणि वर्षभर कौतुक त्याचंच. हा तळाच्या वाळूत अर्धा गाडून घेतो, अंगावर शेवाळ वाढू देतो, हलायचं नाव नाही. भक्ष्य तोंडाशी आलं की पापणी लवायच्या आत पाण्यासकट गिळतो. पाठीवर तेरा विषारी काटे, पण ते शिकारीसाठी नाहीत, वर पाय देणाऱ्यासाठी.

आमच्या उन्हात मासा टिकवणारं फॉर्मॅलिन उडून जायचं. प्रयोगशाळेतले नाना दर आठवड्याला माठातलं पाणी ओतायचे. बरणी भरलेली दिसली की सर खूश. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बरण्या पुसायला मी होतो. झाकण उघडलं, तर माशाचा पार लगदा. नानांनी तो फेकला, गिरणा नदीतला एक खडबडीत काळा दगड आत सोडला आणि म्हणाले, "दगडसारखाच दिखस ना भाऊ. कोनले समजस?"

मी झाकण लावलं आणि बरणी पुसून जागेवर ठेवली. एकदा नापास झालो होतो. यंदाही गेलास तर फैजपूरला ये केळीचे घड वाहायला, असं वडिलांनी बजावलं होतं.

परीक्षेत मी इमानेइतबारे लिहिलं: दगडमासा, तेरा काटे. धुळ्याहून आलेले परीक्षक म्हणाले, काटे दाखव. बोट नुसतं काचेवरून फिरवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"आडवे पाडून ठेवलेत. फार हुशार प्राणी."

सरांनीही मान डोलावली. दोघांच्या पदव्या टांगायला भिंत पुरायची नाही, आणि दगड ओळखता येईना.

माझ्यामागे चाळीसगावची एक मुलगी होती. तिने सरळ लिहिलं, हा दगड आहे. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, वर्षभर झोपली होतीस का? तिने माझ्याकडे बघितलं. बरण्या मी पुसल्या हे तिला ठाऊक होतं. मी बुटांकडे बघत राहिलो.

ती दोन मार्कांनी गेली. पुन्हा बसते म्हणाली, पण घरच्यांनी त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. आमच्या वर्गाला पत्रिका होती. मी गेलो, आणि निर्लज्जासारखा पोटभर जेवून आलो.