लूजमामा

लूजमामांच्या पदरी इंग्रजीचा एकच शब्द होता आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी भिलाईचा कारखाना उभा राहताना तपासला. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोपवून ते आले होते. लोखंडी सांगाड्याच्या एकेका बोल्टवर हातोडी टिचकवायची, कान द्यायचा आणि आवाज बद्द आला की खडूची फुली मारून ओरडायचं, "लूज!" हे त्यांचं काम.

पण मामा काटकसरी. घेतलेली वस्तू पुरवून वापरायची, हा शेतकऱ्याचा स्वभाव; तो एक शब्दही त्यांनी तसाच सगळीकडे पुरवला. कँटीनचा चहा पातळ आला की लूज. दुर्गच्या बाजारात वजनावर मिळणारी बिस्किटं लूज आणि ती खाऊन बिघडलेलं पोटही लूज. मरोदा वस्तीतल्या त्यांच्या खोलीत महिना-महिना मुक्काम ठोकणारा जावई तर पहिल्या नंबरचा लूज. मी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट होतो; मला सांगून आलेल्या मुलीचा फोटो दाखवला, तेव्हा मामा माझ्याकडेच बघत म्हणाले, "पोरगी बेस हाय बाबू. तूच लूज हाय." ती सोयरीक जमली नाही.

कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहत होता; तिथल्या रशियन इंजिनियरला मराठी येत नव्हती आणि मामांना रशियन. दोघं तासन्‌तास सांगाड्यावर हिंडत. तो बोट दाखवून विचारी, "लूज?" मामा हातोडी मारून सांगत, "लूज." दुभाष्या खाली स्टुलावर बसून पेपर वाची. इकडे आम्ही ऑफिसात एका पंख्यासाठी सात पत्रं लिहीत होतो.

एकदा मोठे पाहुणे यायचे होते. ठेकेदारानं घाईघाईत लोखंडी मंच उभारला. मामांनी आदल्या दिवशी त्यावर भराभर फुल्या मारल्या आणि तपासणीच्या कागदावर सही करायला नकार दिला. आमचे साहेब भडकले. "पाहुणे उद्या येतायत, रंग अजून ओला आहे, आणि तुम्हाला फुल्या सुचतात?" फुल्या पुसल्या, सही दुसऱ्याची घेतली आणि मामांना मंचाजवळ फिरकायची बंदी झाली.

दुसऱ्या दिवशी भाषण सुरू झालं. मी हारांची टोपली घेऊन मंचाच्या कडेला उभा होतो. खालून करकर ऐकू आली, म्हणून कापडी झालर उचलून पाहिलं. मामा उताणे पडून पान्यानं नट आवळत होते.

"मामा, हे काय करून राहिले?"

"हळू बोल. अजून चार हायेत. भाषन लांबू दे."

त्याची काळजी नव्हतीच. भाषण यथेच्छ लांबलं आणि मंच तसूभरही हलला नाही.

मंच हलला नाही, त्याअर्थी काही सैल नव्हतंच, असा साहेबांनी निष्कर्ष काढला. खोटी ओरड करून खात्याची बदनामी केली म्हणून मामांची अहिवाऱ्याला, चुनखडीच्या खाणीवर बदली झाली. पत्र मलाच टाइप करायला सांगितलं. खरं काय ते साऱ्या ऑफिसात मला एकट्याला ठाऊक होतं. पण त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती.

मामा पत्र घ्यायला आले. "काय लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं.

"मी खाली होतो, हे तुनं सायबाले नाही सांगतलं?"

"नाही."

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. मग म्हणाले, "पाहुने पडले नाही ना? मंग जाऊ दे." आणि सही करून निघून गेले.

मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते. पत्रात टायपिंगची एकही चूक नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.